एक नंबरची गल्ली

"हॅलो! बापू! अहो बापू, मी लीला! ऐकू येतंय का? लीला बोलतेय, लीला!"

सोनतुरा हॅचरीच्या ऑफिसात मी पाऊल टाकलं तेव्हा लीलाकाकू फोनवर बोलत नव्हत्या, फोनवर तुटून पडल्या होत्या. उभ्या राहून, एक हात टेबलावर टेकून. फोनच्या स्पीकरमधून पलीकडचा पोल्ट्रीवाला अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

"कोण हाय? आरं बोला की! पिल्लं समदी एका कोपऱ्यात गोळा झाल्यात, एकावर एक चढाय लागल्यात. काय करू? हॅलो? ह्येंच्या मायला, परत गेला आवाज."

"गारठलीत ती, बापू! शेगडी खाली घ्या! पडदे सोडा!"

फोन कट झाला. काकू खुर्चीत बसल्या. दातांत धरलेली ज्येष्ठमधाची काडी त्यांनी काढली आणि मला म्हणाल्या, "तू उल्का वायदंडे ना? ये. तिळगूळ घे. गोड बोल म्हणणार नाही, तुझ्याबद्दल ऐकलंय मी."

मी तिळगूळ तोंडात टाकला, माझा मोबाइल काढला आणि म्हटलं, "बापूंचा नंबर सांगा आधी." नंबर त्यांना तोंडपाठ. मी लावून दिला. त्यांनी बापूंना शेगडी, पडदे, कोमट पाणी सगळं सांगितलं आणि बापूंना ते सगळं ऐकू गेलं. तेवढ्यात मागून एक आवाज आला, "मोबाइलवरून काय, कुणाचाही आवाज जातो."

हे रणधीर साहेब. मॅनेजर. मालक आबांचे पुतणे. हातात एक टाइप केलेला कागद.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चोवीसची. बारावी झाल्यावर घरच्यांनी शिक्षण थांबवलं, म्हणून भंगारवाल्याकडून राउटर आणून ते उघडून, जाळून, परत जोडून मी जे शिकले तेच माझं कॉलेज. विटा परिसरात कुणाचं इंटरनेट अडलं की मला बोलवायचे आणि दारात उभं करून विचारायचे, "सर्टिफिकेट आहे का?" मी म्हणायचे, "नाही. तुमच्याकडे चालू इंटरनेट आहे का?"

सोनतुरात मला आबांनी बोलावलं होतं. त्यांच्या बंगल्यातला फोन मी एकदा ठीक केला होता. आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. ते रोज दुपारी चारला बंगल्यावरून ऑफिसला फोन करायचे आणि लीलाकाकूंकडून ऐकायचे, आज किती पिल्लं निघाली, किती मेली, कोणाच्या गाड्या गेल्या. बावीस वर्षांचा नेम. गेले तीन महिने त्यांना काकूंचं एक अक्षर धड ऐकू आलं नव्हतं. त्यांना वाटलं, लीला आपल्यावर रुसली.

रणधीर साहेबांनी कागद माझ्यासमोर धरला. "वाच आणि सही कर. म्हणजे तुझा वेळ वाचेल."

कागदावर लिहिलं होतं : 'यंत्रणेची तपासणी केली. यंत्रणेत दोष नाही. सदर दोष श्री/श्रीमती ______ यांच्या उच्चार व हाताळणीत आहे.'

"मी अजून बॅगसुद्धा उघडली नाही," मी म्हटलं.

"पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. सगळं ओके. फोन तीनदा बदलला. मग उरलं कोण?" त्यांनी काकूंकडे पाहिलंही नाही. "वय झालं की आवाज बारीक होतो. त्यात काही लाज नाही. उद्यापासून आपण रेकॉर्डेड आवाज लावतोय. मरतुकीसाठी एक दाबा, लसीसाठी दोन दाबा. आबा फक्त तुझ्या सहीसाठी अडलेत. चार वाजता त्यांचा फोन येईल. काकूंचा आवाज नाही गेला की विषय संपला."

"आणि काकू?"

"घरी. सन्मानाने. नारळ, शाल."

मला अशा लोकांचा राग येतो. तेव्हाही यायचा, आता जास्त येतो. मी विचारलं, "तो पुण्याचा हुशार माणूस कोणत्या वारी आला होता?"

"रविवारी. सुट्टी असली की तपासायला सोपं जातं."

"बरोबर. विहिरीत पाणी नसलं की पोहायलाही सोपं जातं."

काकू खुदकन हसल्या आणि लगेच तोंडावर पदर धरला. साहेब केबिनमध्ये गेले. मी बॅग उघडली.

"काकू, हे कधीपासून होतंय?"

"कधीपासून म्हणजे?"

"म्हणजे आधी बरं होतं ना? मग बिघडलं कधी?"

"दसऱ्यापासून," काकू म्हणाल्या. "दसरा झाला, दुसऱ्या दिवशी आले, फोन लावला आणि तिथनं. पण हे मला कुणी विचारलंच नाही गं."

तीन महिने. तीन फोन. एक इंजिनिअर. आणि एकालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं.

"मी गुळण्या करते रोज," काकू हळू आवाजात सांगायला लागल्या. "हळद-मिठाच्या. सकाळी गच्चीवर उभी राहून मोठ्यांदा वाचते. आमचे हे म्हणतात, शेजारी विचारायला लागलेत घरात भांडणं होतात का. मला पण वाटतंय बघ उल्का, गेलाच असेल माझा आवाज. माणसाला स्वतःचा आवाज कुठं कळतो? तू लिहून टाक हवं तर. मी काही मनात धरणार नाही."

"गप बसा," मी म्हटलं. चौपन्न वर्षांच्या बाईला मी गप बसा म्हटलं, आणि त्या गप बसल्या.

इंटरनेटवरच्या फोनचं असं असतं. फोन चालू केला की तो जागा होतो आणि पहिल्यांदा ओरडतो, 'मी आलोय, मला पत्ता द्या!' ऑफिसातला राउटर त्याला पत्ता देतो. मग तुमचा आवाज त्या पत्त्यावरून बाहेर जातो आणि समोरच्याचा त्याच पत्त्यावर येतो. मी एकेका फोनचं बटण दाबून त्याच्या चिमुकल्या पडद्यावर त्याचा पत्ता बघत गेले. पत्ता म्हणजे चार आकडे, त्यातल्या तिसऱ्याला मी गल्ली म्हणते; एका राउटरची सगळी पोरं एकाच गल्लीत. हिशेबनीस, दहा नंबरची गल्ली. गोडाऊन, दहा नंबरची गल्ली. साहेब, दहा नंबरची गल्ली.

लीलाकाकू, एक नंबरची गल्ली.

"साहेब," मी केबिनच्या दारातून विचारलं, "राउटर किती आहेत तुमच्याकडे?"

"एक. नकाशा आहे भिंतीवर."

नकाशात एकच होता. एक नंबरची गल्ली त्या ऑफिसात अस्तित्वातच नव्हती. पण काकू रोज सकाळी येऊन नेमक्या तिथंच राहायला जात होत्या.

"काकू, रात्री फोन बंद करता का हो?"

"करते की. जाताना प्लग काढते. विजेचा काय भरवसा? बाकीचे नाही काढत, पोरांना कशाची काळजीच नाही."

म्हणजे हे होतं. बाकीचे फोन रात्रंदिवस जागे, दसऱ्याआधी मिळालेला पत्ता घट्ट धरून बसलेले. बावीस वर्षांत एकदाही प्लग काढायला न विसरलेली बाई मात्र रोज सकाळी नव्यानं पत्ता मागत होती. आणि इथं कुठंतरी लपलेला दुसराच कुणीतरी धावत येऊन तिला आपल्याकडे ओढत होता, एसटी स्टँडवरच्या लॉजच्या एजंटासारखा. तो होता कुठं?

मी वायरींच्या मागे लागले. एक वायर भिंतीतून उबवणकेंद्राकडे जात होती. तिथं आत जायचं तर आंघोळ करून जावं लागतं. बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून. डोक्यावरून. साबण लावून. मी केली. कंपनीचा झगा घातला, तो एखाद्या पैलवानाच्या मापाचा, गमबूट डावे दोन. आत चाळीस हजार पिल्लं एका सुरात चिवचिवत होती. वायरीच्या टोकाला तापमान दाखवणारा डबा सापडला. दहा नंबरची गल्ली. बाहेर आले. दुसरी वायर दुसऱ्या खोलीत जात होती. परत आंघोळ. त्या टोकाला कॅमेरा. दहा नंबर.

ओल्या केसांनी, दोन डाव्या बुटांत मी ऑफिसात शिरले तेव्हा ज्ञानूतात्या चहा घेऊन आले. तात्या इथले शिपाई. आबांनी पहिलं खुराडं बांधलं तेव्हापासूनचे. मला बघून त्यांनी चहा दोन हातांनी पुढे केला.

"ताई, आज संक्रांत हाय, म्हाशिवरात न्हाई. किती येळा न्हाताय?"

"तुमचा फोन पवित्र करतेय, तात्या."

"व्हऊं द्या व्हऊं द्या. लीलाबाईंचा आवाज येऊं द्या. म्या तर रोज देवाला सांगतो."

साडेतीन वाजले. साहेबांनी केबिनमधून डोकं काढून घड्याळाकडे बोट केलं. मला वाटलं ते घड्याळ काढून त्यांच्या डोक्यावर ठेवावं.

शेवटी मी वायरींच्या मुळापाशी गेले. कोपऱ्यातल्या कपाटात एक पट्टी असते, सगळ्या वायरी तिथं येऊन मिळतात. मी लॅपटॉपवर एक नंबरच्या गल्लीच्या मालकाला सारखी हाक मारत बसले. तो दर सेकंदाला ओ देत होता. आता मी एकेक वायर उपटणार. ज्या वायरीला तो गप्प होईल, ती त्याची.

पहिली काढली. ओ देतोय. लावली. दुसरी. ओ देतोय. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी.

सातवी काढली. गप्प.

आणि त्याच क्षणी बाहेरच्या बोळातून तात्यांचा आवाज आला, "आरं द्येवा! द्येवाचा दिवा गेला!"

मी वायर परत लावली.

"आला आला!"

काढली.

"गेला! लीलाबाई, गेला बघा परत!"

लावली.

"आला!"

मी आणखी चारदा तसंच केलं. गरज नव्हती. पण बावीस सेकंदांत एवढं सुख मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

बोळात, काकूंच्या टेबलामागच्या भिंतीला, लाकडी देव्हारा होता. वर खंडोबा, मध्ये गणपती. आणि खालच्या फळीवर, सुकलेल्या झेंडूच्या माळेत, हळदीकुंकवाचे पाच पट्टे ओढलेला, जुना काळा राउटर. त्याचे चार हिरवे दिवे लुकलुकत होते. पुढे उदबत्तीची राख.

"तात्या, हे काय?"

"खंडेनवमीला काढला माळ्यावरनं," तात्या सहज म्हणाले. "वजनकाटा पुजला, सुया पुजल्या, इंजिन पुजलं. मग ध्यानात आलं, ह्यो बिचारा माळ्यावर पडलाय. सात वर्सं राबला. नवा आला तर जुन्याला टाकायचं व्हय? त्याला पुसला, कुंकू लावलं. पण डोळं मिटल्यालं. जीव न्हाई वाटत. वीज दिली तर एकच दिवा लागला. मग दोन्ही वायरी हितंच भिंतीत लोंबत हुत्या, तेची जुनी जागाच ही, त्या जिथल्या तिथं घातल्या. लागला की लुकलुकाय!"

"आणि रोज?"

"रोज सकाळी साडेआठला लावतो, उदबत्ती दावतो. सांजच्याला बंद करतो. आयतवारी माझी सुट्टी."

रविवारी सुट्टी. रविवारी देव झोपलेला. रविवारी पुण्याचा इंजिनिअर.

भिंतीत लोंबणारी एक वायर ऑफिसात जात होती. दुसरी होती जुन्या इंटरनेटची लाइन. तीन वर्षांपूर्वी नवी लाइन घेतली तेव्हा ती बंद करून घ्यायची होती. कुणी घेतली नव्हती. गंजलेली तांब्याची तार. तिच्यातून बाहेरचा आवाज आत यायचा, पण आतला बाहेर जाताना वाटेतच मरायचा.

मी तिथंच जमिनीवर बसले. हसू आवरेना. काकू आल्या. मी सांगितलं. त्या देव्हाऱ्याकडे बघत राहिल्या, मग तात्यांकडे.

"ज्ञानबा," त्या म्हणाल्या, "रोज सकाळी मला ज्येष्ठमध कोण आणून देतं?"

"म्या."

"आणि तू रोज इथं हात जोडून काय म्हणायचास?"

तात्यांचा चेहरा उतरत उतरत पार गळ्यात गेला. "म्हणायचो... लीलाबाईंचा आवाज येऊं दे. मागल्या म्हैन्यापास्नं दोन उदबत्त्या लावाय लागलोय."

काकूंनी टेबलावरची मरतुकीची वही उचलली आणि तात्यांच्या पाठीत घातली. "मेल्या! तीन महिने मी गच्चीवर ओरडतेय! माझा संसार मोडायला आला होता!" आणखी एक रट्टा. मग वही टाकून दिली आणि पदर डोळ्यांना लावला. त्या हसतायत की रडतायत, मला कळेना. त्यांनाही कळत नसावं.

तात्या माझ्याकडे वळले. "ताई, सायबांस्नी सांगू नगा. रिटायर व्हायला दोन वर्सं ऱ्हायल्यात माझी."

"मी खोटं लिहीत नाही, तात्या."

"मग मेलो."

"मेला नाहीत. खोटं लिहीत नाही म्हटलं. आधी काय लिहायचं आणि मग काय, ते माझं मी ठरवते."

चारला दहा कमी. मी केबिनमध्ये गेले, झगा आणि डाव्या बुटांसकट. "साहेब, सापडलं. जुनी लाइन तीन वर्षं चालू राहिली. बंद करायचं काम तुमचं. जुना राउटर तिच्यावर जागा झाला. काकूंचा आवाज त्यातून जात होता."

"तो लावला कुणी?"

"लाइन मेलेली असती तर कुणीही लावून काही झालं नसतं. लाइन जिवंत कुणी ठेवली?"

त्यांचा चेहरा लाल झाला. मग हसले. "बघ, तू आलीस, तुला काहीतरी सापडायलाच पाहिजे. असले दिवे लुकलुकल्याने कुणाचा आवाज जात नाही. बाईंचं वय झालंय."

"म्हणजे त्या राउटरने काही फरक पडत नाही?"

"काडीचा नाही."

"मग तुमचा फोन त्याला जोडू? आबांचा फोन आज तुम्ही घ्या. तुमचा आवाज तर काय दणदणीत."

"जोड," ते म्हणाले. "कॉलेजात वक्तृत्वाची ढाल आणलीय मी."

मी बॅगेतली लांब वायर काढली. देवाच्या राउटरमधून ऑफिसची वायर उपटली आणि तिच्या जागी साहेबांच्या फोनची घातली. काकूंचा फोन बंद करून चालू केला. पडद्यावर दहा नंबरची गल्ली आली. काकूंनी त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

बरोबर चारला साहेबांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला, आम्हाला ऐकू यावं म्हणून.

"नमस्कार आबा! रणधीर बोलतोय!"

"हॅलो?" आबा म्हणाले. "कोण?"

"रणधीर, आबा!"

"अं? कोण गुरगुरतंय? पाण्यात बसून बोलतोय का कोण?"

"आबा, रणधीर! र-ण-धीर!"

"हॅलो? रणधीर हायस काय? आरं तोंडात काय धरलंयस? धड बोल की!"

साहेब उभे राहिले. टाय ओढला. वक्तृत्वाची ढाल आणलेला तो आवाज छताला जाऊन आपटला. उबवणकेंद्रातली माणसं काचेतून डोकावायला लागली. गोडाऊनमधला एक जण पळत आला, त्याला वाटलं आग लागली. तात्या दाराआड उभे राहून तोंडात टोपी कोंबत होते.

"आबा! ऐकू! येतंय! का!"

शेवटी आबा कंटाळून म्हणाले, "रणधीर, तुला न्हाई जमायचं. लीलाला दे."

साहेबांनी बटण दाबलं. काकूंच्या टेबलावर फोन वाजला. त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं. तोंडातली ज्येष्ठमधाची काडी त्यांनी काढून टेबलावर ठेवली.

"आबा," त्या हळूच म्हणाल्या. "मी."

मला वाटलं, गेला परत.

"लीला," आबा म्हणाले. "किती निघाली गं आज?"

"एकोणचाळीस हजार सहाशे," काकू म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना धीर धरवेना, तीन महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं, गाड्या, लशी, वाळव्याच्या माणसाची तक्रार, बापूंची गारठलेली पिल्लं. आबा नुसते 'हं, हं' करत होते. आठवड्याभराचा उपाशी माणूस जेवायला बसल्यासारखे.

मी केबिनमध्ये गेले. टेबलावर तो कागद तसाच होता. मी पेन काढलं, गाळलेल्या जागेत 'श्री. रणधीर' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"हे काय?" साहेबांचा घसा बसला होता.

"तुमचाच मजकूर. तुमचीच चाचणी. निकाल आला तो भरला."

त्यांनी कागद फाडला. मला वाटलंच होतं, म्हणून मी दुसरा लिहून आबांच्या बंगल्यावर दिला. त्यात जुनी लाइन पहिल्या ओळीत होती, मॅनेजरचं नाव दुसऱ्या ओळीत, आणि 'पूजेसाठी ठेवलेला राउटर' पार शेवटी. सगळं खरं. दुसऱ्याच दिवशी जुनी लाइन कापली गेली. मरतुकीसाठी एक दाबा सोनतुरात कधीच आलं नाही. काकू पुढे सहा वर्षं तिथंच बसल्या, रोज संध्याकाळी प्लग काढून जायच्या.

देव्हाऱ्यातला तो राउटर मी घरी नेला. आतली सगळी अक्कल काढून टाकली आणि दोन सेलवर लुकलुकणारे चार हिरवे दिवे बसवले. आता तो कुणालाही पत्ता देत नाही. तात्यांना तो परत दिला तेव्हा त्यांनी कानाशी नेऊन हलवला आणि विचारलं, "हाय न्हवं जिवंत?"

"पहिल्यापेक्षा जास्त," मी म्हटलं.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मी झगा उतरवून, तिसऱ्यांदा आंघोळ न करता, बॅग उचलून निघाले होते. काकूंचा फोन परत वाजला. बापू होते. काकू उभ्या राहिल्या, एक हात टेबलावर टेकला, छाती भरून श्वास घेतला.

"बोला बापू! लीला बोलतेय! शेगडी खाली घेतली का!"

स्पीकरमधून आधी बापूंचा आवाज आला नाही. आधी शे-दोनशे पिल्लांचा एकदम गलका आला. मग बापू.

"आवं काकू, हळू! आत्ताच कुठं झोपली हुती समदी."